माग चालला की लाइन तुटायची

दादाच्या ऑफिसाने टाकून दिलेला लॅपटॉप नागपूरहून आमच्या घरी आला तो टॉवेलात गुंडाळून. बाबांनी तो मांडीवर घेऊन पाहिला आणि विचारलं, यात भरलं काय आहे? बॅटरी मेलेली होती. झाकणाची एक बिजागरी ढिली होती, त्यामुळे पडदा मागे कलंडू नये म्हणून पाठीशी आईचा वरवंटा टेकवून ठेवावा लागे. डिस्क ऑफिसने कोरी करून दिली होती आणि नवी सिस्टिम पेलण्याची त्याची ताकद नव्हती. म्हणून एका कॉम्प्युटरच्या मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी त्यात लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं आणि आतलं सगळं उघडून पाहता येतं, एवढंच मला ठाऊक होतं. उघडून पाहता येतं म्हटलं की माझा स्वतःवर ताबा राहत नाही. लहानपणी मी घरातलं एकुलतं एक घड्याळ असंच उघडलं होतं. ते नंतर कधी धड चाललं नाही, पण बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

आमचं गाव पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या अलीकडे. आमच्या गल्लीत एकेकाळी बारा माग होते. मी सांगते आहे त्या वर्षी दोनच उरले होते आणि त्यातला एक बाबांचा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. दादाचं म्हणणं होतं की माग विकावा आणि दोघांनी नागपूरला यावं. माझ्यासाठी त्याने एका झेरॉक्सच्या दुकानात कामही बघून ठेवलं होतं. बाबा मला म्हणायचे, तू जाय, मी इथंच राहतो. मला त्यांना एकटं सोडायचं नव्हतं, पण भंडाऱ्याला जाऊन केलेला कॉम्प्युटरचा डिप्लोमा गावात कुणाच्या उपयोगाचा नव्हता, आणि घरी नुसतं बसणं माझ्या स्वभावात नाही.

अशात पुण्याच्या एका लहानशा ऑफिसचं पत्र आलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे इंग्रजी शब्द येतात ते मराठीत करून देणारी माणसं त्यांना हवी होती, आणि काम घरी बसून करायचं होतं. अट एकच. सलग तीन दिवस सकाळी अकरा वाजता ते एक फाइल पाठवणार. मी ती उतरवून घ्यायची, काम करायचं आणि दोनच्या आत परत पाठवायची. तिन्ही दिवस जमलं तर काम पक्कं. खेड्यातल्या फोनवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. जमलं तर मी बाबांजवळ राहणार होते, नाही तर झेरॉक्सचं दुकान. हातात सतरा दिवस होते.

पहिलं भांडण लॅपटॉपच्या पोटातल्या मॉडेमशी, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट लावणाऱ्या भागाशी झालं. तो असतो अर्धाच, हे मला मासिक वाचून कळलं. उरलेलं अर्धं काम दुसऱ्या सिस्टिमच्या सॉफ्टवेअरने करायचं, आणि लिनक्सकडे ते नव्हतं. तीन दिवस मी त्या अर्ध्याची मनधरणी केली. मग दादाला फोन केला आणि त्याने बाहेरून जोडायचा एक जुना मॉडेम एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवून दिला. वहीएवढा पांढरा खोका, पुढे तांबड्या दिव्यांची रांग. लिनक्सने त्याला पहिल्या झटक्यात ओळखलं आणि मी स्वतःसाठी चहा ठेवला.

चहा उकळायच्या आत पडद्यावर आलं, नो डायलटोन. मी रिसीव्हर कानाला लावला तर टोन चांगला खणखणीत. मॉडेमच्या नावाने मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी बस धरून भंडाऱ्याच्या सायबर कॅफेत गेले आणि शोधून काढलं. मॉडेम विलायती, त्याच्या ओळखीचा टोन वेगळा, आणि आमच्या एक्स्चेंजचा टोन त्याला टोन वाटतच नव्हता. आज्ञेत एक्स आणि तीन अशी दोन अक्षरं घातली की तो टोनची वाट न पाहता मुकाट्याने नंबर फिरवतो. मला ही गोष्ट फार आवडली. त्याला पटवून द्यायचं नाही, फक्त सांगायचं की तू त्याची वाट पाहू नको.

घरी येऊन ती अक्षरं घातली. मॉडेमने नंबर फिरवला, पलीकडून कुणीतरी उचललं आणि मग तो आवाज सुरू झाला, आधी शिट्टी, मग खरखर, मग दोन्ही एकदम. बाबा मागाच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, कोण भांडून राहिलं? मी सांगितलं की भांडण नाही, इकडचा आणि तिकडचा मॉडेम किती वेगाने बोलायचं ते ठरवताहेत. बाबांना ते पटलं. त्या दिवसापासून आवाज सुरू झाला की ते माग थांबवून येत, दाराशी उभे राहून ठरेपर्यंत ऐकत, आणि ठरलं की परत जात.

पण ठरल्यावर दोन मिनिटांच्या आत लाइन तुटायची. दिवे विझत आणि पडद्यावर ओळ येई, नो कॅरिअर. पुन्हा लावायचं, पुन्हा भांडण ऐकायचं, पुन्हा दीड मिनिट, पुन्हा नो कॅरिअर. मी वेग कमी केला, आज्ञा बदलल्या, मॉडेमखाली ओलं फडकं ठेवलं, मग ते काढून मॉडेम खिडकीत ठेवला. लाइनमनदादांना बोलावलं. ते बिचारे तेव्हा धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या गावांचे खांब उपसून नव्या गावठाणात उभे करण्यात गुंतले होते, तरी आले. त्यांनी खांबावर आपला फोन लावून ऐकलं, घरातल्या फोनवरून ऐकलं आणि सांगितलं की आवाज साफ येऊन राहिला, लाइन चांगली आहे. तेही खरं होतं. दर रविवारी सकाळी दादाचा फोन येई आणि त्याचं बोलणं नीट ऐकू येई.

मग मी फोनच्या जुन्या डिरेक्टरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर वेळा लिहायला लागले. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन कितीतरी दिवस झाले होते, पण त्या डिरेक्टरीत ते अजून आमच्या भंडारा जिल्ह्यातच होतं. कधी लागली, कधी तुटली, एवढंच लिहायचं. लिनक्स स्वतःही सगळं लिहून ठेवतं, सेकंदासकट, आणि ते मुळीच काही लपवत नाही. संध्याकाळी बाबा विचारत, आज काय लिहून ठेवलं त्यानं? मी वाचून दाखवत असे. पेपरही मीच वाचून दाखवायचे. तू वाच, मी ऐकतो, असं ते म्हणत, आणि मला वाटे की माणसाला म्हातारपणी लाड करून घ्यावेसे वाटतात.

आठ दिवसांच्या वेळा जमल्या तेव्हा त्यांत एक गंमत दिसली. रोज दुपारी साडेबारा ते दीड लाइन टिकत होती. आणि मंगळवारी ती दिवसभर टिकली होती. मंगळवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पिठाची चक्की बंद असते, आणि दुपारी चक्कीवाले काका जेवायला घरी जातात. झालं, मला चोर सापडला. मोटर चालली की तारेत खरखर जाणारच. काकांकडे जाऊन मी पदार्थविज्ञानावर एक लहानसं व्याख्यान दिलं, आणि त्या भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून अर्धा तास चक्की बंद ठेवली. त्या अर्ध्या तासात लाइन नऊ वेळा तुटली. पुढे महिनाभर ते मला पाहिलं की विचारत, कसं बाई, आज चालू ठेवू का बंद?

मी डिरेक्टरीची ती पानं उघडून पुन्हा बसले. साडेबारा ते दीड आणखी कोण काय करतं? मंगळवारी आणखी काय बंद असतं? सुनं वाटलं म्हणून मी मान वर केली, तर बाबा हात धुऊन ताटावर बसले होते. पडद्यावरच्या घड्याळात बारा चाळीस. आणि मंगळवारी बाबा सूत आणायला बाजारात जातात.

हे मला आवडलं नाही, कारण याला अर्थच नव्हता. चक्कीला मोटर असते. आमच्या मागाला तारेचा एक तुकडाही नव्हता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने ताण्याचे उभे धागे वर-खाली करायचे, हाताने आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा आणि फणी ओढून ठोकायची. आजोबा याच मागावर बसत, आणि तेव्हा गावात वीजही नव्हती. असला माग इंटरनेट कसं तोडेल? पण मी लाइन लावली आणि ओरडून सांगितलं, बाबा, चालवा. ठक, ठक, ठक. सातव्या-आठव्या ठोक्याला दिवे विझले. पुन्हा लावली, बाबांना थांबायला सांगितलं, दहा मिनिटं टिकली. चालवा म्हटलं, पाचव्या ठोक्याला गेली. आम्ही दोघांनी हा खेळ अर्धी सकाळ केला. बाबांना त्यात माझ्याइतकीच मजा येत होती. एकदा तर त्यांनी मी न सांगताच दोन ठोके हळूच मारून पाहिले.

मग ते म्हणाले की सोपं आहे, तुझं काम चालेल तोवर मी माग बंद ठेवतो. आणि ते सोपं होतंच. तीन दिवस अकरा ते दोन माग थांबला असता तर परीक्षा पार पडली असती, पुढेही रोज दोन-तीन तासांचाच प्रश्न होता. शहाणी मुलगी असते तर बरं म्हटलं असतं. मी स्टूल घेऊन आले.

फोनची तार खांबावरून येऊन छपराच्या कवेलूंखालून मागाच्या खोलीत शिरत होती, तिथून मागाच्या वरच्या आडव्या लाकडावरून पुढच्या खोलीत. बाबा खड्ड्यात बसून वर बघत होते. मी स्टुलावर उभी राहून तारेवरून बोट फिरवत गेले. लाकडाच्या मधोमध बोटाला काहीतरी जाड लागलं. त्यावर पांढरं सूत इतकं नेटकं गुंडाळलं होतं की खालून ते लाकडातलाच डाग वाटत होतं.

"ते मीनंच जोडलं," बाबा खालून म्हणाले. आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. मागच्या वर्षी मी चार दिवस भंडाऱ्याला होते तेव्हा वानरांनी कवेलूंवर नाचून तार तोडली होती. दुसऱ्या दिवशी रविवार, दादाचा फोन येणार. लाइनमनची वाट कोण पाहतो, म्हणून बाबांनी दातांनी तारेची टोकं सोलली आणि मागावर तुटलेला धागा सांधतात तशी गाठ मारून वर सूत गुंडाळलं. वर्ष झालं, गाठ हलली नाही, असं ते म्हणाले.

गाठ खरंच हललेली नव्हती. मी जोड कापून खाली आणला, दाराच्या उजेडात बसून सूत उलगडलं आणि आत दोन गाठी निघाल्या, एकेका तारेची एक, सारख्या मापाच्या, टोकं बारीक कापलेली. तार गाठीने जोडणारी माणसं जगात दुसरी कुठे असतील असं मला वाटत नाही. मी हसले. आता मला त्यांना छेडायला विषय मिळाला होता. तांब्याला तांबं भिडलं पाहिजे, गाठ किती का सुंदर असेना, हे मी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता सुईने एक गाठ सोडवली. तिची दोन्ही टोकं सोललेली होती. दुसरी सोडवली. तिचं एक टोक सोललेलं होतं आणि दुसऱ्यावर काळं प्लास्टिक तसंच होतं. दातांच्या खुणा होत्या. म्हणजे सोललं होतं, पण गाठ ओढताना प्लास्टिक सरकून परत तांब्यावर चढलं होतं. नुसतं टोक कसंबसं भिडत होतं. तेवढ्यावर दादाचं बोलणं येत होतं, पण मागाचा ठोका बसला की लाकूड हादरे आणि ते टोक क्षणभर सुटे. माणसाच्या कानाला त्या क्षणाचं काही वाटत नाही. मॉडेमला वाटतं.

कोडं सुटलं होतं. मी तो तुकडा उंच धरून विचारलं, "बाबा, हे काळं दिसलं नाही काय तुमाले?"

मी गमतीने विचारलं होतं.  बाबा धोटा हातात फिरवत राहिले आणि माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला बघत राहिले. मी पुन्हा त्या टोकाकडे पाहिलं. बाजूला तांबं चकाकत होतं आणि हे काळं कुळकुळीत. हे न दिसणं शक्य नव्हतं. ज्याने बांधलं त्याने बोटांनी फक्त गाठ तपासली होती, ती घट्ट होती, आणि तो समाधान पावला होता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पेपर मी वाचायचा. सुईत दोरा मी ओवायचा. वर्षभर बाबांनी रंगीत काठ विणला नव्हता. हल्ली कुणी मागत नाही म्हणत आणि पांढऱ्यावर पांढरं विणत. मी, जिला मॉडेमचा एक सेकंद चुकला तरी चैन पडत नव्हतं, याच घरात राहत होते.

"दिसत नाही काय?" मी विचारलं.

"कापड दिसते," ते म्हणाले. "धागा नाही दिसत."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू एकदाची नागपूरले गेली असती नं, मंग सांगणार होतो. आधी सांगतलं असतं त तू गेलीच नसती."

मला राग आला, आणि रागामागोमाग रडू. मी त्यांना जे मनात येईल ते बोलले. मी गेल्यावर सांगणार म्हणजे कुणाला सांगणार, चुलीला? आणि मी हे पंधरा दिवस त्या खोक्याशी कशासाठी डोकं फोडून घेते आहे? त्यांना वाटत होतं की मला यंत्राची हौस आहे. मला नागपूरला जायचंच नाही, हे मीही त्यांना कधी सरळ सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की ते मला घालवून देतील. आम्ही दोघंही एकमेकांच्या भल्यासाठी गप्प बसलो होतो आणि त्यात त्यांच्या डोळ्यांचं एक वर्ष गेलं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खड्ड्यातून वर येऊन माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "सोल तू. गाठ मी मारतो."

मी चारही टोकं बोटभर सोलली, तांब्याला तांब्याचा पीळ घातला आणि एकेका तारेवर चिकटपट्टी लावली. त्याच्या मागे, जिथे ताण पडतो तिथे, बाबांनी सुताने आपली गाठ मारली. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही. मी मात्र या वेळी त्यांच्या हातांकडेच बघत होते.

परीक्षेचे तीन दिवस आले. पहिल्या दिवशी अकराला लाइन लावली तर मागाच्या खोलीत सामसूम. मी जाऊन पाहिलं तर बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते, माझं काम बिघडू नये म्हणून. चालवा म्हटलं. नको म्हणाले. मी म्हटलं, चालवा, नाही तर मला कळणार कसं? ते चालवायला लागले, आधी चोरून, मग नेहमीसारखे. फाइल आली. पडद्यावरचे शब्द मी मराठीत केले आणि सव्वाला परत पाठवले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी लाइन एकदा तुटली, पण ते वीज गेल्यामुळे, आणि वीज पंधरा मिनिटांत आली. दोन वाजायला वीस मिनिटं असताना काम गेलं. संध्याकाळी पुण्याहून निरोप आला की पुढच्या आठवड्यापासून सुरू करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला ईमेल लिहायला बसले. आत माग चालू होता. लिहून झालं तसा माग थांबला आणि बाबा दाराशी येऊन उभे राहिले. "काय लिहिलं? वाच," म्हणाले.

पहिलं वाक्य होतं, बाबांना धागा दिसत नाही, वर्ष होऊन गेलं. पुढे होतं की भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, दोन दिवस काढून ये. मला काम मिळालं आहे, म्हणून आम्ही दोघं इथेच राहतो, आणि माग विकायचा नाही. पहिलं वाक्य गाळून वाचलं असतं तरी त्यांना पडद्यावर काय आहे ते कळलं नसतं. मी गाळलं नाही. वरवंट्याला टेकलेल्या त्या पडद्यावरून मी सगळं जसंच्या तसं वाचलं.

 बाबा म्हणाले, "पाठव," आणि आत गेले. मी बटण दाबलं तेव्हा माग पुन्हा सुरू झाला होता. मॉडेमचे दिवे पेटलेलेच राहिले.